टेस्टोस्टेरॉन आणि जिम: मिरजेच्या फाईलमधल्या सव्वा वर्षाच्या नोंदी

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, समोर रिजेक्शनचं रजिस्टर. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन कमी पडतं म्हणून उपचार सुरू झाले तशी स्वतःच्या नावानेही एक वही घातली. त्यातल्याच नोंदी थोड्या साफसूफ करून इथे देतो. डोस माझा आहे, तो कुणी उचलू नका. चुका मात्र फुकट घ्या, मी पैसे भरलेले आहेत.

28 मे 2024

बाथरूमच्या दारात पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही, उभ्या जागेवरून. हाडांचे डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले, "बेचाळिसाव्या वर्षी एवढ्याशानं मोडायला नको होतं." प्लास्टर घातलं आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, लिहून दिली. 2,400 रुपये. कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर उणे 2.1 आला, म्हणजे माझ्याच वयाच्या पुरुषांच्या मानानं हाडं बरीच विरळ. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाचा झेड बघतात, टी (तरुणांशी तुलना) नाही. मी घरी येऊन टी-स्कोअरवर वाचत बसलो आणि एक रात्र फुकट घालवली.

पुढची चिठ्ठी मिरजेला, हार्मोनच्या मॅडमकडे. दुपारी तीनला डोळे मिटायला लागणं, आठवड्यातून एकदा दाढी केली तरी चालणं, आणि ज्या गोष्टी बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसतात त्या, असं सगळं चार वर्षांपासून होतं. मी ते नाईट शिफ्टच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो.

11 जून

पहिलं रक्त दिलं. नाईट संपवून घरी आलो, चहा-खारी खाल्ली, दोन तास पडलो आणि साडेअकराला लॅबमध्ये गेलो. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन 1.82. सामान्य मर्यादा तीनशे ते हजारच्या आसपास असते एवढं वाचलेलं होतं. 1.82 बघून पाय गळाले.

मग युनिट बघितलं. या लॅबचं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, मी वाचलेलं डेसिलिटरमध्ये. म्हणजे 182. कमीच, पण मेलेल्या माणसाचं नाही. युनिट न बघता रीडिंग लिहिणाऱ्या ट्रेनी पोराला मी दोन दिवस बोलणी घातली असती.

मॅडमनी तो कागद बाजूलाच ठेवला. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं, खाल्ल्यावरही उतरतं. सात ते दहाच्या दरम्यान, उपाशी, रात्रभर झोपून उठल्यावर दिलेलं रक्तच धरायचं, आणि तेही वेगवेगळ्या दोन दिवशी. नाईट करून आलेल्या माणसाची सकाळ ही सकाळच नव्हे. केस गळतात म्हणून मी बायोटिनची गोळी घेत होतो, तीही बंद करायला लावली. काही मशीनवर बायोटिनमुळे हार्मोनची रीडिंग चुकतात.

650 रुपये आणि पंधरा दिवस गेले.

26 जून आणि 3 जुलै

फर्स्ट शिफ्टचा आठवडा मागून घेतला. सकाळी आठ दहाला पहिलं रक्त: 204. पुढच्या बुधवारी 191. सोबत एलएच 21, एफएसएच 38 (वृषणांना कामाला लावणारे, पिट्यूटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचे हार्मोन). दोन्ही वर. प्रोलॅक्टिन, थायरॉईड ठीक. सगळं मिळून 2,150.

मॅडमनी एलएचवर बोट ठेवलं. मेंदूकडून हुकूम जातोय, कारखानाच उत्पादन देत नाहीये. हुकूमच कमी गेला असता तर पिट्यूटरीचा एमआरआय करावा लागला असता. मग एकदम विचारलं, "लहानपणी गालगुंड झाले होते का?"

झाले होते. सोळाव्या वर्षी, दहावीच्या सुट्टीत. गाल उतरले आणि मग खाली सूज आली. बारा दिवस अंथरुणावर. आईला सांगायची लाज, आजीनं अंदाजानं ओळखून कसला तरी लेप दिला होता. वयात आल्यावर गालगुंड झाले तर वृषणांना इजा होऊ शकते, हे मला सव्वीस वर्षांनी कळलं.

2014 मध्ये मूल होत नाही म्हणून तपासणी झाली तेव्हा शुक्रजंतू शून्य आले होते. टेस्टोस्टेरॉन 340. "नॉर्मलमध्ये आहे" म्हणून फाईल मिटली. आम्ही पुढे मुलगी दत्तक घेतली, संसाराला लागलो. दहा वर्षांत कुणी पुन्हा मोजलं नाही, मीही नाही.

9 जुलै

प्लास्टर निघालं. हात वाळक्या दोडक्यासारखा.

औषध सुरू करायच्या आधीची यादी: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, 39.5 (टेस्टोस्टेरॉन कमी असलं की रक्तही जरा कमी असतं), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) 0.6, बीपी 134/86, ड जीवनसत्त्व 11. दर आठवड्याला 60,000 युनिटची पुडी, आठ आठवडे दुधातून. मॅडमनी घोरण्याबद्दल विचारलं. मी "थोडंफार" म्हणालो. ही शेजारीच बसली होती. "अहो, थोडंफार कसलं? पलीकडच्या वहिनी विचारतात, तुमच्याकडे पिठाची गिरणी घेतली का." घरीच बोटाला मशीन लावून झोपेची तपासणी झाली, 3,500. तासाला अकरा वेळा श्वास अडकतो. सौम्य. कुशीवर झोपा, वजन उतरवा. टेस्टोस्टेरॉननं हे वाढू शकतं, म्हणून आधी आकडा हवा होता.

आणखी मूल हवंय का, हेही विचारलं. आमच्या बाबतीत प्रश्न संपलेला, पण त्या प्रत्येकाला विचारतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शुक्रजंतूंचं उत्पादन बंद पडत जातं. जिममध्ये पंचविशीतली पोरं हे न ऐकता सुया टोचून घेतात.

15 जुलै

जेल सुरू. एक टक्क्याचं, पाच ग्रॅमची पुडी, म्हणजे 50 मिलिग्रॅम, आणि त्यातलं कातडीतून आत जातं दहावा भाग. पुडी साधारण 70 रुपयांना. इंजेक्शनच का नाही, विचारलं. मॅडम म्हणाल्या, "काही बिघडलं तर जेल काही दिवसांत उतरतं. तीन महिन्यांचं इंजेक्शन परत काढता येत नाही."

पुडी कात्रीनं कापायची, दातानं नाही (पहिल्याच दिवशी जिभेला लागलं, कडू). सॅनिटायझरसारखा वास. दोन्ही खांद्यांवर चोळायचं. पाच मिनिटांत सुकतं, पण वर पातळ पापुद्र्यासारखा चिकटपणा राहतो. हात साबणानं धुवायचे, वर बनियन.

14 ऑगस्ट

महिन्याचं रक्त: 268. एवढ्या पुड्या चोळून जेमतेम साठ-सत्तरनं वर.

कारण मीच. सकाळी सहाला जेल लावायचो आणि सातला आंघोळ करून कामावर. निदान पाच-सहा तास अंग धुवायचं नसतं. हे पुडीसोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो मी वाचला नव्हता. क्वालिटीचा माणूस.

आता क्रम उलटा: आधी आंघोळ, अंग कोरडं, मग जेल. डोस तोच.

दुसरी गोष्ट जास्त लागली. लेक सहा वर्षांची. मी बनियन न घालता वर्तमानपत्र वाचत बसलो की मागून येऊन खांद्यावर गाल टेकायची तिची सवय. 2 ऑगस्टला ती तशीच टेकली आणि हिनं स्वयंपाकघरातून बघितलं. "अहो, ते औषध!" पोरीचा गाल साबणानं धुतला. ती रडली, कारण तिला वाटलं तिचंच काही चुकलं. हे जेल कातडीवरून लहान मुलांत आणि बायकांत उतरतं, मुलांत अकाली वयात आल्याची लक्षणं दिसू शकतात. मॅडमनी तिला तपासलं. काही नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात शर्टाशिवाय बसणं बंद, आणि पुढेमागे इंजेक्शनवर जायचं हे मनात पक्कं झालं.

12 ऑगस्टपासूनची जिमची नोंद

हाडांच्या डॉक्टरांनी हलकं वजन उचलायला परवानगी दिली. तीन महिन्यांचे 2,400 एकदम भरले, कारण "एकदम भरलं की 300 सुटतात". आठवड्याला दोनच दिवस जायचं ठरवलं. ट्रेनर पाच दिवसांचा तक्ता घेऊन उभा. तो पोरगा मनानं चांगला आहे, पण त्याच्या तक्त्यात बेचाळीस वर्षांचा, मनगट मोडलेला, पोकळ मणक्याचा माणूस बसत नव्हता.

पहिला दिवस: मोकळ्या बारवर स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका), 20 किलो, आठ-आठचे तीन सेट. पुलडाऊन (वरचा दांडा छातीकडे खाली ओढणं) 25.

आंघोळीचा क्रम बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात फरक पडला. दुपारची पेंग गेली. सकाळी जाग येताना शरीर जागं. हिनं काही न बोलता चहात आलं जास्त घातलं, एवढंच लिहितो.

मॅडमनी आधीच सांगितलेलं: इच्छा आणि मूड काही आठवड्यांत, स्नायू-चरबीतला फरक तीन-चार महिन्यांनी, हाडांना वर्ष-दोन वर्षं. मी पहिला आकडा ऐकला आणि बाकीच्यांना त्याच गाडीत बसवलं.

14 सप्टेंबर

गणपतीचे दिवस. मंडळाची पोरं जिममध्ये ढोल-ताशाच्या गप्पा मारत होती. माझे आकडे: स्क्वॉट 65. पुलडाऊन 50. पाच आठवड्यांत तिप्पट आणि दुप्पट. वहीत त्यापुढे मी उद्गारचिन्ह काढलंय. ते खोडलेलं नाही.

पुलडाऊनच्या तिसऱ्या सेटला डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला तार तुटावी तशी कळ आली. डाव्याच का? उजवं मनगट अजून कच्चं, म्हणून ओढायचं सगळं काम नकळत डावा हात करत होता. सोडून द्यायला हवं होतं. राहिलेल्या पाच ओढी पूर्ण केल्या. दुसऱ्या दिवशी चहाची किटली उचलता येईना.

फिजिओच्या बाईंनी कोपर दाबून सांगितलं: गोल्फर्स एल्बो. आयुष्यात गोल्फ खेळलो नाही. त्यांनी जे सांगितलं ते मॅडमनी वेगळ्या शब्दांत आधीच सांगितलेलं होतं. औषधानं आणि सरावानं स्नायू लवकर जोर धरतो, पण त्याला हाडाशी बांधणारा कंडरा मागे राहतो. त्याला रक्तपुरवठा कमी, त्याचं सगळं महिन्यांच्या हिशोबात. मोटर बदलली, पट्टा जुनाच ठेवला आणि लोड वाढवला. शॉपमध्ये असं कुणी केलं असतं तर मी मेमो काढला असता.

आठ बैठका, 400 प्रमाणे 3,200. व्यायाम म्हणून हातोडी. खरोखरची, शॉपमधली अर्ध्या किलोची. दांडा टोकाला धरून मनगट हळूहळू आतून बाहेर फिरवायचं, पाच मोजत खाली, दुसऱ्या हातानं वर आणायचं. दिवसाला तीन वेळा पंधरा. पहिल्या आठवड्यात अर्ध्या किलोचीही झेपेना, लेकीचं लाकडी लाटणं घेतलं. पोळीपाट माझा, लाटणं परत दे, असा तिचा रोजचा तगादा.

पायांचा व्यायाम करता आला असता. मी रुसून घरी बसलो. दोन महिन्यांची फी, 1,600, पाण्यात.

20 सप्टेंबर ते 16 ऑक्टोबर

ही नोंद लिहायची नव्हती.

कोपर भरून येईना म्हणून जिमकडे चक्कर मारली. ट्रेनर म्हणाला, "सर, रिकव्हरी होत नाही म्हणजे डोस कमी पडतोय. तुमचे डॉक्टर भीत भीत देतात. आपल्याकडे एक जण आहे, आठवड्याला 500 मिलिग्रॅम लावतो." त्याच्या त्या माणसाकडून घेण्याइतका मी वेडा नव्हतो. पण घरी येऊन दुसरी पुडी फोडली. नऊ दिवस दोन-दोन पुड्या. 630 रुपयांचं जास्तीचं जेल.

सहाव्या दिवशी पाठीवर पुळ्या, सातव्या दिवशी मोजे काढल्यावर घोट्यावर खोल वळ. अंगात पाणी धरलं होतं. वजनकाटा 84 वरून 86.

30 सप्टेंबरला ठरलेलं रक्त होतं. टेस्टोस्टेरॉन 910, हिमॅटोक्रिट 44.8. मॅडमना वाटलं एका पुडीवरच एवढं चढलंय. त्यांनी डोस अर्धा केला. मी गप्प बसलो. अर्ध्या पुडीवर दोन आठवड्यांत पुन्हा दुपारची पेंग, चिडचिड, दसऱ्याला पाहुण्यांसमोर खुर्चीत डुलक्या.

16 ऑक्टोबरला गेलो आणि सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त 910 च्या पुढे पेनानं "बाद" लिहिलं आणि म्हणाल्या, "डोस वाढवायला कदाचित मीच सांगितलं असतं. पण आता एका पुडीवर तुमचं काय होतं, हे आपल्या दोघांनाही माहीत नाही."

हेच ते. वाढवण्यात चूक नव्हती, मोजायच्या आधी वाढवण्यात होती. आंघोळीची वेळ बदलली, व्यायाम सुरू केला, डोस वाढवला, सगळं दोन महिन्यांत. शॉपमध्ये जॉब रिजेक्ट झाला की टूल, फीड आणि कूलंट एकदम कुणी बदलत नाही. दोष कशात होता हे कळतच नाही मग. वहीच्या मुखपृष्ठावर लाल पेनानं लिहिलं: एका वेळी एक बदल, मग सहा आठवडे हात बांधून.

21 ऑक्टोबर

इंजेक्शनवर आलो. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, 1000 मिलिग्रॅम, चार मिलि तेल. 3,600 रुपये, टोचायचे 200. दुसरं सहा आठवड्यांनी, पुढे दहा ते चौदा आठवड्यांच्या अंतरानं.

तेल एरंडेलाचं, मधासारखं दाट. मॅडमच्या दवाखान्यात त्या दिवशी गर्दी, म्हणून घराजवळ एका ठिकाणी टोचून घेतलं. तिथल्या कंपाउंडरनं अर्ध्या मिनिटात कमरेखाली रिकामं केलं. उठून उभा राहतो तोच घशात खवखव, मग कोरड्या खोकल्याची उबळ, छातीवर दडपण, कपाळावर घाम. दहा मिनिटांत ओसरलं. मॅडमना फोन लावला. तेलाचे बारीक थेंब शिरेतून फुफ्फुसात जाऊ शकतात, म्हणून हे इंजेक्शन दोन मिनिटं घेऊन हळू द्यायचं आणि पेशंटला अर्धा तास तिथेच बसवायचं असतं. मला बसवलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

तीन दिवस गाडीवर एका बाजूला कलून कुपवाडला गेलो. गेटवरचा वॉचमन विचारायचा, "साहेब, मूळव्याध का?" हो म्हणालो. सोपं पडलं.

2 डिसेंबर

दुसरं इंजेक्शन, यावेळी मिरजेतच. सिस्टरनी कुपी आधी मुठीत धरून कोमट केली. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होतो: दोन मिनिटं दहा सेकंद. खोकला नाही. अर्धा तास बाकावर बसून जुनं मासिक वाचलं. दुखलं एकच दिवस.

जिम पुन्हा सुरू झाली 18 नोव्हेंबरला. यावेळी वजन दर आठवड्याला नाही, दर पंधरा दिवसांनी, आणि तेही अडीच किलोनंच. सेटच्या शेवटी अजून दोन-तीन ओढता येतील असं वाटलं पाहिजे, नाहीतर वाढवायचं नाही. ट्रेनरला हे बघवत नाही. त्यानं मला "पेन्शनर बॅच" नाव ठेवलंय.

शेजारच्या अण्णांनी तरुणपणी तालीम केलेली. त्यांना मी व्यायामाचं सांगितलं, औषधाचं नाही. म्हणाले, "आम्हाला वस्तादानं पहिले सहा महिने नुसती माती उकरायला लावली. लांग बांधली, पण कुस्ती नाही." मग लगेच रोज दोन लिटर दूध आणि पावशेर बदाम सांगितले. सबुरीचा सल्ला घेतला, दूध-बदामाचा सोडला. घोरणं आणि पोट आधीच पुरेसं आहे.

24 फेब्रुवारी 2025

बारा आठवडे झाले. या इंजेक्शनचं रक्त पुढचं टोचायच्या आधी, त्याच सकाळी द्यायचं. मधेच दिलं तर आकडा फुगलेला दिसतो. 462. मॅडम खूश. पीएसए 0.9. पहिल्या वर्षात 1.4 पेक्षा जास्त वाढलं असतं तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. हिमॅटोक्रिट 50.8, वर चाललंय, लक्ष ठेवायचं.

एसजीओटी, यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम, 71 आलं. घाबरलो. दोन दिवसांपूर्वी पायांचा व्यायाम केला होता. स्नायू दमले तरी हे एन्झाइम वाढतं. पाच दिवस जिम बंद ठेवून पुन्हा: 34. आणखी 400 रुपये. तेव्हापासून रक्त द्यायच्या आधीचे चार दिवस सुट्टी.

वजन 82, कंबर 101 वरून 97 सेंटिमीटर. स्क्वॉट 37.5. सप्टेंबरच्या 65 पेक्षा कितीतरी कमी, पण कोपर, मनगट, गुडघा सगळं शांत.

हृदयाबद्दल विचारलं. मॅडमनी 2023 च्या एका मोठ्या अभ्यासाचं सांगितलं: हृदयरोग असलेले किंवा धोका असलेले, 45 ते 80 वर्षांचे पाच हजारांवर पुरुष. हार्ट ॲटॅक, पक्षाघात टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत जास्त दिसले नाहीत. पण ठोक्यांची एक अनियमितता, फुफ्फुसातली गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक होणारी इजा थोडी जास्त दिसली. आणि मला सर्वांत खटकलं ते हे, की हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी न होता जास्त निघालं. माझा प्रकार त्या लोकांसारखा नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं. पण औषध चालू आहे म्हणजे हाड पक्कं झालं, असं मी जे मनात धरून चाललो होतो, ते तिथेच खुर्चीत सुटलं. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं) त्या महिन्यात सुरू करणार होतो. पुढे ढकलली.

19 मे

हिमॅटोक्रिट 54.3.

54 ही रेघ. तिच्यावर गेलं की औषध थांबवायचं, रक्त खाली येईपर्यंत. मॅडमनी सिरिंज भरू दिली नाही. विचारत गेल्या: काल काय केलं? मे महिन्यातली सांगली, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीशेजारी सेकंड शिफ्ट, रात्री साडेबाराला घरी, आणि "उपाशी यायचं" म्हणून मी जेवणानंतर पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. एकादशीला नाही एवढी निर्जळी. अंगातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होतं आणि हा आकडा वर दिसतो.

दोन दिवसांनी, रात्री आणि सकाळी व्यवस्थित पाणी पिऊन, पुन्हा 300 रुपये: 52.2. गेजची चूक दोनची निघाली. पण मी "म्हणजे सगळं ठीक" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्यानं दोन उतरले. बाकीचे तेरा पाण्यानं चढलेले नाहीत." 39.5 पासून 52.2 हे खरंच चढलंय. झोपेची तपासणी पुन्हा केली, 3,500. तासाला बारा, आहे तिथेच. इंजेक्शन त्याच दिवशी, म्हणजे 21 तारखेला घेतलं, पण पुढचं बाराऐवजी चौदा आठवड्यांनी. इतर काहीही बदलायचं नाही. व्यायाम तोच, जेवण तेच.

27 ऑगस्ट

चौदा आठवडे. टेस्टोस्टेरॉन 418, हिमॅटोक्रिट 50.6. अंतर वाढवल्याचाच हा परिणाम, हे यावेळी ठामपणे म्हणता येतं, कारण दुसरं काहीच हललं नव्हतं. शेवटचे दहा दिवस जरा मरगळ जाणवली. सहन होण्यासारखी.

आज गणेश चतुर्थी. मूर्ती आणायच्या गडबडीत सकाळी सातला रक्त देऊन आलो, टोचणं उद्यावर. गेल्या वर्षी याच दिवसांत मी 65 किलोपुढे उद्गारचिन्ह काढत होतो. या वर्षी स्क्वॉट 57.5 वर आहे. वजन 80, कंबर 94.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: जेल सुमारे 7,000, इंजेक्शनं उद्याचं धरून पाच, टोचण्यासकट 19,000. डॉक्टरांची फी आणि ठरलेल्या तपासण्या वेगळ्या. माझ्या घाईचं आणि न वाचण्याचं बिल मात्र वेगळं काढलंय: वाया गेलेलं पहिलं रक्त 650, फिजिओ 3,200, जिमची फी 1,600, जास्तीचं जेल 630, दोन फेरतपासण्या 700. एकूण 6,780. वेळेचा हिशोब: कोपरापायी नऊ आठवडे, 910 च्या भानगडीत चार.

पुढचं इंजेक्शन 4 डिसेंबर. त्याच्या आदल्या रविवारपासून जिम बंद, आणि आदल्या रात्री पाणी. डेक्सा जून 2026 मध्ये. तोवर डेडलिफ्ट 40 च्या वर नाही, ट्रेनरनं काहीही नाव ठेवलं तरी.